कांचनजींची भेट
माझा नवरा जपानमध्ये एका बाईबरोबर पावसात भिजला, ही बातमी बहरीनला जिदहफ्समधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी स्वतःच पसरवली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कंपनीनं ह्यांना ट्रेनिंगसाठी योकोहामाला पाठवलं होतं, तेही जूनमध्ये. बहरीनचा जून म्हणजे गार पाण्याचा नळ सोडून थेट चहापत्ती टाकावी! वरून पडणारं पाणी एकच, वरच्या मजल्यावरच्या एसीचं. तेही नेमकं माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर. अशात एका रविवारी ह्यांचा फोन आला. लाइनला ही खरखर!

"आज सुट्टी! एकटाच भटकलो!" हे ओरडले. "समुद्रावर गेलो. काय पाऊस, शैला! चिंब भिजलो!"

माझ्या पोटात दुखायलाच लागलं. पाऊस! आणि तोही माझ्याशिवाय!

"मग... खर्रर्र... कांचनजी... खर्रर्र... बसूनच राहिलो. इतकं शांत वाटलं! निघवेचना गं!"

फोन कटला.

कांचनजी? इथे आम्ही मराठी माणसं हिंदीत शिरलो की समोरच्या बाईला 'जी' चिकटवतो. म्हणजे बाई हिंदुस्थानी, अमराठी आणि आदर वाटावा अशी. (मला ह्यांनी लग्नापासून एकदाही 'जी' म्हटलेलं नाही. 'अगं' हीच माझी पदवी!)

शेजारच्या फ्लॅटमध्ये वसईची ट्रिझा राहायची. हॉस्पिटलात नर्स, त्यामुळे निदान झटपट. तिला सगळं सांगितलं.

"पुरुष पावसात एकटा भिजायला जातो?" ती म्हणाली. "एकटा मफी, शैला! एकटा मफी!" (मफी म्हणजे अरबीत 'नाही'. इथे ते सगळ्यांच्याच तोंडी.)

"अगं, पण हे तसे नाहीत."

"पाऊस तसा असतो ना, बाय!"

हे मला पटलं. इतकं पटलं, की संध्याकाळपर्यंत मी खालच्या मजल्यावर तिघींना तेच सांगून आले. पुढच्या फोनला मी गोड आवाजात विचारलं, "काय हो, कांचनजी कशी वाटली?"

"अप्रतिम!" हे म्हणाले. "तुला दाखवायला स्लाइड्स काढल्यात!"

फोटोसुद्धा! वर मलाच दाखवणार! मी रिसीव्हर असा आपटला, की त्याला तडा गेला.

हे परत आले. मी विमानतळावर हसले, घरी शिरा केला आणि त्याच शुक्रवारी सगळ्या बिल्डिंगला स्लाइड्स बघायला बोलावलं. होऊ दे काय व्हायचं ते चारचौघांत! प्रोजेक्टर मागून आणला, भिंतीवर चादर लावली. (एसीचे डाग पडलेलीच, दुसरी होती कुठे?) ट्रिझा ड्यूटी बदलून पहिल्या रांगेत बसली.

स्लाइड्स सुरू झाल्या. करडा समुद्र. ओल्या पायऱ्या. ओली झाडं. ह्यांची छत्री. परत ओल्या पायऱ्या. माणूस म्हणून एक नाही!

शेवटी ट्रिझाला राहवेना. "भावजी, ती कुठेय?"

"ती कोण?"

"कांचनजी!" अख्खी खोली म्हणाली.

"ही काय!" ह्यांनी आनंदानं बटण दाबलं. चादरीवर एक भलामोठा लाकडी दरवाजा उभा राहिला. "केन्चोजी! तिकडे 'जी' म्हणजे देऊळ. सातशे वर्षांहून जुनं. तुम्हाला कसं माहीत? हो, शैलानं सांगितलं असेल. फोनवर मुद्दाम विचारत होती!"

"खलास!" ट्रिझा म्हणाली, आणि हसता हसता खुर्चीवरून घसरली.

सगळे पोट धरून हसत असताना पुढची स्लाइड आली. देवळाचं रिकामं अंगण आणि त्यात पडणारा पाऊस, बस्स. कोणीतरी सुस्कारा सोडला. आणि माझा जीव पहिल्यापेक्षा जास्त जळायला लागला! हा माणूस दिवसभर एकटा ह्यात उभा होता! बाई असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या. पावसाचं काय उपटणार?

"पुढच्या वेळी दोघं जाऊ," हे कानाशी म्हणाले. "इंशाल्ला!"

'इंशाल्ला' म्हटलेली कामं कधी होतात, हे बहरीनमध्ये राहिलेल्यांना सांगायला नको. जपान अजून बाकी आहे. पण त्या बिल्डिंगमधली मंडळी आजही फोन करतात आणि विचारतात, "कांचनजी आहेत का?"

आणि मी निमूटपणे म्हणते, "हो, बोलतेय."