आवाज ओस्नेचा, नाव तोरगुनचं

दुसऱ्याची वस्तू तोरगुन बर्गेच्या घरात कधी रात्रभर राहिली नाही. तीस वर्षं ती फिरत्या वाचनालयाची गाडी टेलेमार्कच्या दऱ्याखोऱ्यांतून चालवत होती. परत आलेल्या पुस्तकात कुणाचा फोटो राहिलेला दिसला, तर बर्फातही गाडी उलटी वळवून तो देऊन यायची.

अशा बाईच्या ओट्यावर लेकीने, इंगविलने, तो ऐकणारा-बोलणारा डबा आणून ठेवला.

"आई, काय हवं ते नुसतं बोलायचं. हा वाजवतो."

"आणि मनातल्या मनात बोलले तर?"

"तेवढा शहाणा नाही झाला अजून."

तोरगुनने दरीतली एक जुनी धून मागितली. फिडल वाजायला लागलं आणि तिच्या हातातली कॉफी हातातच राहिली. एकोणऐंशी साली गावच्या मंडळाने शाळेच्या हॉलमध्ये भरलेली कॅसेट! इंगविलने डब्याला विचारलं, "कोण वाजवतंय?"

"तोरगुन बर्गे," डबा म्हणाला.

वाजवत होती ओस्ने मोएन, नदीपलीकडची. ही एवढी एकच धून तिची भरलेली होती. पुढे संधिवाताने तिची बोटं गेली. कॅसेटच्या पाकिटावर छापलं होतं, 'ओस्ने मोएन. तोरगुन बर्गेकडून.' धून कुणाकडून मिळाली ते सांगितल्याशिवाय या दरीत कुणी फिडलला गज लावत नाही. कॅसेट डब्यावर चढवताना माहिती भरणाऱ्याला ही रीत कुठून ठाऊक असणार? दोन नावं दिसली, त्यातलं त्याने एक उचललं, तेही नेमकं चुकीचं.

धून संपल्यावर लेकीला तिने खरं सांगितलं. पण इंगविलच्या तोंडात तीळ भिजत नाही. तोवर तिने फोनवरून निम्म्या गावाला कळवलंही होतं. संध्याकाळी पाद्रीबाईंचा फोन आला. "तोरगुन, छुपी रुस्तम निघालीस की गं! पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी प्रार्थनेनंतर कॉफीच्या वेळी तुझी धून लावू."

"अं... बरं," तोरगुन म्हणाली.

ते 'बरं' तिला खाऊ लागलं. का म्हणालो आपण? घटकाभर गोड वाटलं म्हणून. बटाट्यात मीठ दोनदा पडायचं. रोजच्या प्रार्थनेत 'आमचे अपराध क्षमा कर' इथे जीभ अडायची. डब्यावर गाणी पुरवणाऱ्या कंपनीला लिहिलं, तर उत्तर आलं, दुरुस्तीच्या अर्जावर वादकाची स्वतःची सही हवी आणि दुरुस्तीला सहा आठवडे लागतील. म्हणजे नदी ओलांडणं आलं. दोनदा ती पुलापर्यंत गेली आणि परत फिरली.

शेवटी शनिवारी गेली. ओस्नेचं दार उघडंच होतं, टेबलावर वाफलांची, जाळीदार गोड पोळ्यांची, थाळी होती.

"ये. वाफलं गार झाली."

"कुणाची वाट बघतेस?"

"तुझी. डबा माझ्याकडेही आहे, तोरगुन. अकरा दिवस रोज तुझ्यासाठी वाफलं करतेय आणि एकटीच खातेय. स्कर्टचं बटण लागेना आता!"

तोरगुनचे डोळे भरले. "मी पाद्रीबाईंना नाही म्हटलं नाही गं."

"कळलं मला. ते उद्या म्हण. आधी खा."

वाफलांवर तपकिरी चीज ठेवता ठेवता तोरगुनने अर्ज पुढे सरकवला. "माझं नाव काढायचं, तुझं घालायचं. इथे सही कर."

ओस्नेने चष्मा लावला. "आणि तुझं नाव कुठे?"

"त्यात तसा रकानाच नाही. वादक, रचनाकार, धुनेचं नाव. बस."

"मग नाही करत सही."

"अगं बाई, माझं नाव काढायलाच तर आलेय मी!"

"कुणाकडून शिकले ते न सांगता मी कधी वाजवलंय? बोटं गेली, आता रीतही घालवू?"

दोघी बराच वेळ हटून बसल्या. वाफलं संपली. मग ओस्नेने पेन मुठीत धरलं आणि वादकाच्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं. धुनेच्या नावाच्या रकान्यात नाव लिहून पुढे वाकडंतिकडं जोडलं: 'तोरगुन बर्गेकडून आलेली'. एवढ्याला पाव तास लागला. सही सगळ्यात शेवटी केली.

रविवारी अर्ज अजून वाटेतच होता. चर्चच्या हॉलमध्ये पाद्रीबाईंनी कौतुकाने तिथल्या डब्याला विचारलं, ही धून कुणी वाजवलीय. डबा म्हणाला, "तोरगुन बर्गे." टाळ्या पडल्या.

तोरगुन उठली. "थांबा. वाजवतेय ओस्ने मोएन. मला हे पहिल्याच दिवशी ठाऊक होतं आणि मी गप्प बसले. ओस्नेला ही धून माझ्याकडून मिळाली, मला ग्रो मावशीकडून. मावशीला कुणाकडून मिळाली, ते देवाला ठाऊक." मग डब्याकडे वळून म्हणाली, "हं, आता वाजव."

"मला समजलं नाही," डबा म्हणाला.

"तुला समजायला अजून सहा आठवडे आहेत," मागून ओस्ने ओरडली. सगळा हॉल हसला.

पाद्रीबाईंनी धून लावली. तोरगुन जाऊन ओस्नेशेजारी बसली. टेबलक्लॉथवर ओस्नेची वाकडी बोटं धुनेबरोबर हलत होती. तोरगुन तिकडेच बघत राहिली.