बाईला समजल्याशिवाय भात नाही

भल्याभल्या इंजिनियरांना उपाशी ठेवून शहाणं करणारा माणूस अख्ख्या चांदा जिल्ह्यात एकच होता, आणि तो म्हणजे आमचे सर्वेचे मास्तर. एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या वर्षांत आम्ही कॉलेजचे पाच जण गावतलावांची पाहणी शिकायला म्हणून आलापल्लीच्या बाजूला गेलो आणि त्यांच्या तावडीत सापडलो. कानावर लाल पेन्सिल, सुतळीने बांधलेली छत्री आणि विशेषणांशी उभं वैर. अहवाल इंग्रजीत लिहायची मुभा होती, पण जेवणाआधी तो विश्रामगृहाच्या स्वयंपाकिणीला, सोमाबाईला, मराठीत सांगावा लागे. तिला अक्षरओळख नव्हती. ऐकलेलं तिने परत सांगितलं तर भात, नाहीतर मास्तर पातेल्यावर झाकण ठेवत आणि म्हणत, "बाईले समजलं नाई. पुन्हा सांग." आमच्यातल्या एका पहिल्या नंबरवाल्याने चुन्याच्या मिश्रणावर असं काही व्याख्यान झोडलं की बाईने विचारलं, "हे पानासंगं खाचं का?" त्या दिवशी आम्ही तीन वाजता जेवलो. मास्तरही आमच्याबरोबर उपाशी बसले होते, पण मला तेव्हा त्यांचा मनस्वी रागच यायचा.

श्रावणात चार दिवस पावसाची झड लागली. पाचव्या सकाळी मास्तर बाकीच्यांना घेऊन ओढ्यापलीकडे गेले आणि तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, मी एकटाच होतो. पायथ्याशी पाझरणारं पाणी कालपर्यंत नितळ होतं, आज ते गढूळ येत होतं. म्हणजे पाळीच्या पोटातली माती वाहून चालली होती. खाली वाडी. तिथे कोणाला काय सांगावं सुचेना, म्हणून मास्तर परतले असतील या आशेने मी विश्रामगृहाकडे धावत सुटलो. तिथे फक्त सोमाबाई होती.

"का झालं, बाबू?"

मी तोंड उघडलं आणि वहीतलंच बाहेर पडायला लागलं. झिरपा, दाब, मृत्तिकाकण, संभाव्य हानी. बाई हातातली पळी घेऊन पुढे आली. तिची लेक आणि दोन नातवंडं त्याच वाडीत, पाळीखालच्या पहिल्या झोपडीत होती.

"मले काई समजून नाई राह्यलं. पळाचं का राहाचं, तेवढं सांग ना!"

एवढ्या साध्या प्रश्नाचं उत्तर माझ्या वहीत कुठेच नव्हतं.

"पळायचं, बाई! पाळ आतून पोखरली. पोरं उचला, टेकडीवर चला."

पळी टाकून ती धावली. वाटभर तेच वाडीच्या गोंडी बोलीत ओरडत गेली. मी मागून म्हाताऱ्यांना हात देत होतो आणि दर पावलाला पाळीकडे बघत होतो. दुपार कलायच्या आत पाळ फुटली. सहा झोपड्या गेल्या, माणूस एकही गेलं नाही.

मास्तर आले, त्यांनी टेकडीवरची डोकी दोनदा मोजली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बाईले समजलं," एवढंच म्हणाले. संध्याकाळी त्यांनी मला स्वतः भात वाढला. मला रडू आवरेना.

निवृत्तीनंतर ते तिथेच, नव्या वाडीशेजारी राहिले. बऱ्याच वर्षांनी त्यांचं एक कार्ड आलं. "माझ्या आजारावर डॉक्टरांनी दोन पानं लिहिली आहेत. त्यांना ते सोमाबाईला सांगायला लावलं. तिला समजलं. ये."

मी त्याच दिवशी निघालो. दोन दिवस मिळाले. आम्ही काय बोललो ते आता नीट आठवत नाही. मास्तर गेल्यावर सोमाबाईने भात वाढला, त्या वेळी मात्र मला काहीच सांगावं लागलं नाही.