करप्याचे फोटो आणि लाल फुल्या

धुळ्याच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवत असे, तेव्हाची गोष्ट. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. केळीवरच्या रोगांचा अभ्यास करणारे एक सर आमच्याकडे आले. जळगावला केळी बागायतदारांची मोठी बैठक होती आणि तिथे करप्याबद्दल त्यांना बोलायचं होतं. करपा म्हणजे केळीच्या पानावर डाग पाडून पान जाळत नेणारा रोग. दहा-बारा वर्षं बांधाबांधावर फिरून काढलेले फोटो त्यांनी एका बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवले होते. ते स्कॅन करून मी प्रेझेंटेशन बनवलं. बारा स्लाइड, बारा फोटो.

जळगावच्या हॉलमधलं सॉफ्टवेअर आमच्यापेक्षा जुनं आहे, हे मला फोनवर कळलं होतं. म्हणून फाइल जुन्या आवृत्तीत सेव्ह केली. पण तशी केल्यावर ती इतकी फुगली की एका फ्लॉपीत मावेना. मग मी फोटो फाइलच्या आत न घालता बाहेरून जोडले. फाइल लहान झाली, माझ्या स्क्रीनवर सगळं झकास दिसलं. फोटो जवळ असावेत म्हणून तीन वेगळ्या फ्लॉप्यांवर घेतले आणि मी पहाटेच्या एसटीत सरांच्या शेजारी बसले.

हॉलवर पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. बैठक अकराला. तिथला ऑपरेटर पन्नाशीचा होता. आधी टायपिस्ट होता, मग त्याच्याकडे कॉम्प्युटर आला. त्याने फाइल उघडली. अक्षरं नीट आली. फोटोंच्या जागी मात्र रिकामी चौकट आणि कोपऱ्यात लाल फुली. दुसऱ्या स्लाइडवर तेच. बाराही स्लाइडवर तेच.

लोक येऊन बसायला लागले होते. पुढच्या रांगेतले शेतकरी पडद्यावरच्या फुल्यांकडे बघत होते. सर माझ्याकडे बघत होते.

"आवृत्ती जुनी आहे इथली," मी म्हणाले.

बैठकीचे आयोजक नेमके तेव्हाच आले. त्यांनी एवढंच ऐकलं आणि ऑपरेटरवर तुटून पडले. "महिन्यापूर्वी सांगितलं होतं ना, मशीन तयार ठेवा म्हणून? पाहुण्यांसमोर शोभा करता?" चाळीसेक माणसं ऐकत होती. ऑपरेटर मान खाली घालून उभा राहिला.

ते गेल्यावर मी मेनूत जाऊन फोटोंचे दुवे तपासले. प्रत्येक फोटोसमोर धुळ्यातल्या माझ्या मशीनचा पत्ता होता. कॉम्प्युटर बिचारा इथे जळगावात बसून धुळ्यातल्या डिस्कवर फोटो शोधत होता. चूक माझी होती, फक्त माझी, आणि ते मी कुणालाच सांगितलं नाही.

फ्लॉपीवरून फोटो पुन्हा घालून पाहिले. जुन्या सॉफ्टवेअरला त्या प्रकारचे फोटो वाचताच येईनात. "हे चित्र उघडता येत नाही," एवढंच ते म्हणे. दहा वाजून गेले होते.

"इथल्या स्कॅनरसोबत एक प्रोग्रॅम आलेला आहे," ऑपरेटर हळूच म्हणाला. "तो उघडतो असले फोटो. बीएमपी प्रकारात करून देतो, मग जुन्यात चालतील."

त्याने खुर्ची ओढली. एक फोटो उघडायचा, दुसऱ्या प्रकारात सेव्ह करायचा, स्लाइडमध्ये आत घालायचा. एकेका फोटोला चार-पाच मिनिटं. मशीन कुरकुरत होतं, मी घड्याळाकडे बघत होते. चौथ्या फोटोला मला राहवलं नाही.

"भाऊ, तुमच्या मशीनचा दोष नव्हता. फोटो बाहेरून जोडलेले होते. मी जोडले."

त्याचे हात कीबोर्डवर थांबले. मी धुळ्याची आहे, हे त्याला माहीत होतं. तो एकदम घरच्या अहिराणीत आला. "बठ्ठं मन्हा डोकावर टाकी दिनं तुम्ही, ताई."

सगळं मी त्याच्या डोक्यावर टाकलं होतं, हे खरंच होतं. त्याने पुढचा फोटो उघडला.

अकराला माइक सुरू झाला तेव्हा नऊ फोटो बसले होते. उरलेल्या तीन स्लाइड मी काढून टाकल्या. सर बोलायला उभे राहिले. केळीचं पहिलं पान पडद्यावर आलं आणि पुढच्या रांगेतले एक आबा उठले.

"सर, हा आमचा करपा नाही. आमचा डाग पिवळा पडतो. हा तर मातकट आहे."

खरं होतं. त्या मशीनवर रंगच मोजके दिसत, पिवळ्याचा पार चिखल झाला होता. हॉलमध्ये कुजबुज वाढली. सरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "आबा, रंगावर जाऊ नका. डाग शिरेच्या बाजूने कसा लांबत गेलाय ते बघा." आबा उठून पडद्यापाशी गेले, वाकून बघत राहिले. "हां," ते म्हणाले, "लांबतो असाच." मग भाषण सुरळीत झालं.

संपल्यावर मी आयोजकांना गाठून सांगितलं की चूक माझी होती. "जाऊ द्या हो, झालं ना छान," म्हणत ते जेवणाच्या दिशेने वळले. ऑपरेटरला चाळीस माणसांसमोर बोल लागले होते. माझी कबुली एकाने ऐकली, तीही अर्धी.

परतीच्या एसटीत एरंडोल मागे पडल्यावर सरांनी विचारलं, "नेमकं काय झालं होतं?" मी सगळं सांगितलं.

"मग मला तिथेच सांगायचं, माझ्या हातात माइक होता, मी सगळ्यांना सांगितलं असतं," ते म्हणाले. "एक मिनिट लागलं असतं."



दुसऱ्या दिवशी मी आयोजकांना पत्र लिहिलं: दोष कोणाचा होता, आणि फोटो कोणामुळे दिसले. ऑपरेटरला ते दाखवावं, अशी विनंतीही केली. उत्तर आलं नाही. पुढे एकदा ऑपरेटरचाच क्लासवर फोन आला. त्याच्याकडे कोणाची तरी फाइल आली होती आणि पुन्हा लाल फुल्या दिसत होत्या. दुवे कुठे बघायचे, ते मी त्याला एकेक पायरी सांगत गेले. पत्राबद्दल तो बोलला नाही, मीही विचारलं नाही.