हीटर बंद असताना

आधीच सांगते, चमत्कार, संकेत असले विषय निघाले की मी उठून चहा करायला जाते. फिजिक्समध्ये आयुष्य गेलंय माझं... तरीही हे लिहितेय.

आम्ही अबू धाबीत, खलिफा सिटीला राहतो. लॅब गाडीने वीस मिनिटांवर. मागच्या उन्हाळ्यात लोखंड आणि ऱ्होडियम या धातूंच्या एका फिल्मवर काम चालू होतं. काचेवर चढवलेले थर, सगळे मिळून केसाच्या हजाराव्या भागाइतके पातळ. एरवी ती मॅग्नेट नसते. शंभर डिग्रीच्या आसपास तापवली की अचानक मॅग्नेट होते, थंड झाली की परत होती तशी.

बुधवार, दुपारचे तीन. खोलीत मी एकटी. हीटर अजून लावलाच नव्हता, आणि स्क्रीनवरची, फिल्मचं मॅग्नेटिझम दाखवणारी रेघ वर चढायला लागली. तापमान बावीस. फिल्म मॅग्नेट झाली होती!

केबल काढून पुन्हा लावली. तेच. फिल्मच्या होल्डरला बोट लावून पाहिलं — गार. आमचे टेक्निशियन अन्वरभाई, हैदराबादचे, त्यांना फोन लावला.

"हीटर चालू रह गया होगा, मॅडम."

"बंद है. मैं सामने देख रही हूँ."

"तो बाहर आके कॉरिडॉर का मेन स्विच गिरा दो. मैं आता हूँ."

रेघेवरून नजर हटेना. तरी गेले. स्विचवर हात ठेवला आणि मागे टायर फुटल्यासारखा आवाज झाला. दाराच्या काचेतून आत नुसतं पांढरं दिसत होतं. लिक्विड नायट्रोजनच्या टाकीचा पाइप फुटला होता, माझ्या स्टुलापासून दोन हातांवर. मी दार उघडायला गेले, तेवढ्यात पोचलेल्या अन्वरभाईंनी माझं मनगट धरलं.

"अंदर हवा नहीं है, मॅडम."

नायट्रोजनमुळे खोलीतला ऑक्सिजन कमी झाल्याचा अलार्म त्यानंतर वाजला.

दुसऱ्या दिवशी मशीनचं रेकॉर्डिंग आणि दाराच्या नोंदी पाहिल्या. बाहेर पडताना मी दाराला कार्ड लावलं, त्याच मिनिटाला रेघ खाली आली होती. स्विच तर मी पाडलाच नव्हता. तापमान पूर्ण वेळ बावीस.

नवरा म्हणाला, "मशीनचा प्रॉब्लेम असेल गं." लेक जेवता जेवता म्हणाली, "ममा, डिड यू थँक इट?"

त्यानंतर तीच फिल्म कितीतरी वेळा मोजली. दर वेळी शंभरच्या आसपासच बदलते. त्या दुपारचा ग्राफ पेपरमध्ये घातला नाही... डिलीटही करवत नाही. कारण विचाराल, तर खरंच माहीत नाही.