आईच्या मापाची खुर्ची

रेशनच्या दुकानासमोर बायकांना बसायला एक तरी बाक ठेवा, अशी पत्रकं मी त्या वर्षी ठाण्यात दारोदार वाटत होते. मजकूर माझाच. वर मोठ्या टाइपात, ‘किती दिवस उभं ठेवणार?’ आणि घरी माझी आई दोन्ही गुडघे सुजलेले असताना जमिनीवर बसून भाकऱ्या थापत होती. हे माझ्या लक्षात आणून द्यायला डॉक्टर लागले. लाज वाटते, पण आहे ते आहे.

डॉक्टर म्हणाले, ‘‘यांचं जमिनीवर बसणं बंद करा. चांगली खुर्ची द्या, टेकून बसू द्या. नाहीतर थोड्या दिवसांनी बसल्या जागेवरून उठताच येणार नाही.’’

आमचं घर टेंभी नाक्याच्या मागच्या बाजूला, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत वडिलांची खुर्ची आणि पाहुण्यांसाठी दोन घडीच्या. स्वयंपाकघरात पाट. खुर्च्या पुरुषांच्या आणि पाट बायकांचे, असं आमच्याकडे कुणी कधी बोललं नव्हतं. बोललं असतं तर निदान भांडता आलं असतं.

मी शिकवण्यांचे पैसे साठवले आणि कोलशेतला एका सुताराकडे गेले. तो होड्या दुरुस्त करायचा आणि खुर्च्याही दणकट बनवायचा. म्हणाला, ‘‘बसनारं मानूस आन, नाय तं माप आन.’’

आई कसली येते! ‘‘परक्या माणसापुढे खुर्चीत बसून दाखवू? काहीतरीच तुझं.’’

मग मीच सुतळी घेतली. म्हटलं, ‘‘आई, तुला आराम वाटतो तशी बस.’’ ती बसली. पाटावर, मांडी घालून, भिंतीला पाठ टेकून. मी या गुडघ्यापासून त्या गुडघ्यापर्यंत माप घेतलं, पाठीचं घेतलं आणि सुतळीला गाठी मारल्या. खुर्चीत माणूस पाय खाली सोडून बसतं, हे त्या क्षणी मला सुचलं नाही आणि तिलाही नाही. तिने सुचवायचं तरी कसं? ती जन्मात खुर्चीत बसली नव्हती.

सुताराने सुतळी ताणून पाहिली. ‘‘काय गो, खुर्ची हाय का बाजलं? दोन मानसं बसतील हिच्यान.’’

मी तिथेच त्याला व्याख्यान दिलं. बाईमाणसाची गरज काय ते पुरुषांनी ठरवू नये, माझी आई अशीच बसते, वगैरे. तो ‘‘बरं बाय’’ म्हणाला आणि रंधा मारायला लागला.

खुर्ची मात्र सुरेख झाली. वेताची बैठक, मागे कललेली पाठ, हात ठेवायला रुंद फळ्या. हातगाडीवरून आली तेव्हा शेजारपाजारचे बघायला जमले. ती स्वयंपाकघराच्या दारातून आत जाईना. आडवी करून पाहिली, उलटी करून पाहिली, पाय आधी घालून पाहिले. सुतार घाम पुसत म्हणाला, ‘‘मापान बरोबर हाय. दाराचं माप आनलंवतंस का?’’

तो खुर्चीचे हात कापून द्यायला तयार होता. वडील म्हणाले, ‘‘चांगल्या सागवानाला करवत लावायची नाही. बाहेर राहू दे. शोभा आहे.’’

‘‘अण्णा, ती आईसाठी आहे. शोभेसाठी नाही.’’

‘‘मग बसू दे की तिला. मी काय धरून ठेवलंय?’’

खरंच धरून ठेवलं नव्हतं. तिथेच माझी पंचाईत झाली. एका दुपारी वडील कचेरीत असताना मी तिला ओढून आणलं. ती मांडी घालून बसली, नऊवारीचा घोळ नीट आवरला, पाठ टेकली आणि डोळे मिटले. अंगणात वहाणा वाजल्या. मी ‘थांब’ म्हणायच्या आत ती उठली होती, खुर्चीच्या हाताला धरून, ओठ दाबून.

‘‘अगं बस ना! एवढं कोण आलंय?’’

‘‘हे आलेत.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय? चहा टाकायला नको?’’

‘‘चहासाठी एवढं धडपडत उठायचं?’’

‘‘तू घाल वाद. मी चहा टाकते.’’

मी वडिलांशी भांडले. त्यांनी निमूट ऐकून घेतलं आणि हाक मारली, ‘‘अगं, ये बरं. बस इथे.’’ आई आली. फोटो काढायला बसवावं तशी खुर्चीच्या कडेला टेकली, पदर सावरला, जमिनीकडे बघत राहिली. मग, ‘‘दूध उतू जाईल,’’ म्हणून गेली. चुलीवर दूध नव्हतंच.

त्यानंतर खुर्चीला माणसांची कमी पडली नाही. वडील पेपर वाचायला बसत. काका आले की पाय वर घेऊन बसत. शेजारचे मास्तर तर म्हणाले, ‘‘मुलीने बापासाठी काय खुर्ची करून आणलीय!’’ ‘‘आईसाठी,’’ मी दुरुस्ती केली. ते हसले. त्यांना तो विनोद वाटला.

एका रविवारी आमच्या कमिटीची बैठक आमच्याकडे होती. नव्या पत्रकाच्या मजकुरावर खल चालला होता. खुर्चीत आमचे दोन कार्यकर्ते बसले होते. आई चहा घेऊन दारात आली. तिचा एक हात चौकटीला होता. मी म्हटलं, ‘‘जरा उठता का? आईला बसायचंय.’’

दोघेही ताडकन उठले. चांगली मुलं होती. ‘‘बसा, आई.’’

आई इतकी अवघडली की कपातला चहा बशीत सांडला. ‘‘अहो, बसा तुम्ही. ही काहीही बोलते. लांबून आलात, दमला असाल.’’ मग त्यांतल्या एकाला म्हणाली, ‘‘पाठीला उशी देऊ का?’’

तो माझ्याकडे बघायला लागला. सगळेच बघत होते. मी मान हलवली आणि तो बसला. आईने आतून उशी आणली, वाकून त्याच्या पाठीमागे सारली आणि चौकटीला धरत आत गेली.

मी तिच्यामागे गेले. ती चुलीपुढे उभी राहून खाली कसं बसावं याचा अंदाज घेत होती. ‘‘आलीस का? धर जरा,’’ म्हणाली. मी तिला दोन्ही दंडांना धरून हळूहळू जमिनीवर बसवलं.