आमच्या आळीतला दोर

आमचं घर रस्त्याच्या या अंगाला आणि वाडी त्या अंगाला. केळव्यात अशी घरं पुष्कळ आहेत. मधला डांबरी रस्ता एवढा अरुंद, की समोरासमोर दोन गाड्या आल्या तर एकीने कुंपणाला अंग घासल्याशिवाय दुसरी सुटत नाही. सासूबाई पंच्याहत्तरीच्या पुढे गेल्या, तरी दिवसातून सहा वेळा हा रस्ता ओलांडायच्या. कधी पोफळींना पाणी सोडायला, कधी पडलेला नारळ उचलायला, आणि कधी नुसतंच, घरात करमत नाही म्हणून.

सोमवार ते शुक्रवार माझी काही तक्रार नसायची. शनिवार उजाडला की मी पडवीत बसून रस्त्यावर डोळा ठेवायची. मुंबईच्या गाड्या समुद्राकडे निघायच्या आणि समुद्र जणू तासाभरात आटणार असल्यासारख्या धावायच्या. आळीच्या तोंडाशी ताशी वीसची पाटी आहे. पण तिच्यावर घोसाळ्याचा वेल चढलाय, आणि तो आम्हीच चढवलाय, हेही सांगून टाकते. पाटी काय वाचायची, माणसांची घरं दिसत नाहीत का, असं माझं म्हणणं असायचं.

एका शनिवारी सासूबाई डोक्यावर झावळ्या घेऊन येत होत्या आणि एक पांढरी गाडी त्यांच्या पदराला वारा लावून गेली. त्या मधोमध खाली बसल्या. कोपर सोललं, बाकी काही नाही. गाडी थांबलीसुद्धा नाही. मी पडवीतून धावले तेव्हा त्या म्हणाल्या, "नाय गो, लागलं नाय. पोरं हायत, मजेत हायत." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मजेत हायत म्हणे! त्यांची मजा आणि आमचं मरण.

ग्रामपंचायतीत गेले. तिथला कारकून आमच्याच गावचा. तो म्हणाला, "काकी, रस्ता आमचा नाय, बांधकाम खात्याचा हाय. गतिरोधकासाठी अर्ज द्या. आणि परवानगीशिवाय काय घालू नका, तो गुन्हा हाय." मी अर्ज दिला. महिना गेला, दुसरा गेला. विचारायला गेले की तो खुर्ची द्यायचा, चहा द्यायचा, आणि अर्ज वर गेलाय असं सांगायचा. वर म्हणजे कुठे, ते काही त्याला माहीत नव्हतं.

शेवटी आम्ही आळीतल्या चौघी बायकांनीच मनावर घेतलं. शेजारणीचा भाऊ होडीवर जातो. त्याच्याकडे नांगराचा जुना दोर पडून होता, मनगटाहून जाड, मीठ खाऊन दगडासारखा झालेला. एका दुपारी पुरुषमाणसं कामावर असताना आम्ही तो रस्त्यावर आडवा टाकला, लोखंडी खुंट्या ठोकल्या आणि वरून डांबर ओतलं. एका कडेला हातभर जागा मोकळी ठेवली, म्हणजे आपल्या लोकांच्या सायकली आणि स्कूटर तिथून अलगद निघतील. आपल्यांना वाट, परक्यांना दणका. ही अक्कल माझीच.

शेजारीण पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन आली होती. मी म्हटलं, "रंग नको. दिसला तर तेवढ्यापुरते हळू होतील आणि पलीकडे गेले की पुन्हा सुटतील. एकदा आदळू देत मेल्यांना, जन्मभर लक्षात राहील." डबा तिने तसाच परत नेला.

पुढच्या शनिवारी मी पडवीत वाल सोलायला बसले आणि तमाशा पाहिला. खोटं कशाला बोलू, मला मजा आली. धाड! गाडी उडायची, आतल्यांची डोकी वर जायची, मग ती गोगलगायीसारखी पुढे सरकायची. एक मोटारसायकलवाला पडला. मागे त्याची बायको होती. त्याचा गुडघा फुटला. मी पाणी दिलं, हळद दिली, आणि वर दोन शब्द सुनावलेही, "सावकाश यायला काय झालं?" तो बिचारा "सॉरी काकू" म्हणाला. मी मनात म्हटलं, आता कसा शहाणा झाला!

त्यानंतर तीन आठवड्यांनी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. ती बोईसरला दिलेली. जावई तारापूरच्या कारखान्यात, त्याला त्या दिवशी पहिली पाळी. रेल्वेचे जिने आठव्या महिन्यात नकोत, म्हणून त्याने ओळखीचा रिक्षावाला ठरवला होता, बेटेगावचा. मुलीचा पालघरहून फोन आला. "आई, हा माणूस इतका हळू चालवतोय ना, मागचे टँकरवाले शिव्या घालतायत. सीटवर त्याने घरची उशी आणून ठेवलीय." मी हसले. दोराबद्दल सांगायचं माझ्या ध्यानीमनीही आलं नाही. दोर परक्यांसाठी होता. मुलगी दिली की तिची गाडीही परकी झाली, हे कुणाच्या लक्षात राहतं!

अकरा वाजले असतील. मी भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. रिक्षा वळणावर दिसली, सायकलच्या चालीने येत होती. मागे मुंबईची एक मोठी गाडी घाईला आलेली, सारखा हॉर्न. रिक्षावाल्याने आरशात पाहिलं, हात बाहेर काढून तिला पुढे जायची खूण केली आणि वाट द्यायला रिक्षा कडेला घेतली. तिथे नारळांची सावली पडली होती. दोर काळा, डांबर काळं, सावली काळी. मला ओरडायला शब्द सुचेना. मी नुसती "अगं अगं" करत राहिले, आणि ते कुणाला म्हणत होते देव जाणे.

पुढचं चाक दोरावर चढलं. त्या बाजूची खुंटी आधीच ढिली झाली असावी, दोर सरकला आणि रिक्षा एका अंगाला कलली. उलटली नाही. पण मुलगी पुढच्या लोखंडी दांडीवर आपटली. पोटावर.

तांब्या हातातून कधी पडला कळलं नाही. मी पोहोचेपर्यंत आळी जमली होती. एकाने रिक्षावाल्याची कॉलर धरली. "बाईमाणूस बसलीय तरी एवढ्या जोरात?" तो म्हणत होता, "मी जोरात नवतो, दादा, आईशप्पथ." कोण ऐकतंय! मुलगी आतून कण्हत म्हणाली, "सोडा त्यांना, ते हळूच होते." तेवढंच म्हणाली आणि ओठ दाबून पोट धरून बसली. मी काय बोलले? काही नाही. एरवी माझी जीभ टाळ्याला लागत नाही, पण तेव्हा मी गप्प बसले. कॉलर त्याची धरली होती, माझी नव्हती.

मोठ्या गाडीतला माणूस उतरून आला होता. "काकू, माझ्या गाडीत घ्या, एसी आहे." मुलगी म्हणाली, मला हलवू नका, मी इथेच बसते. मी रिक्षात तिच्या शेजारी चढले. मग त्या माणसाने गाडी वळवली, दिवे चमकवत आमच्या पुढे निघाला आणि हॉर्न देत देत रस्ता मोकळा करत गेला. ज्यांना तीन आठवडे शिव्या घातल्या त्यांच्यातलाच एक. मला तेव्हा त्याचा तो चांगुलपणाही टोचला.

केळव्याहून पालघर किती लांब आहे ते मला त्या दिवशी कळलं. मुलीचा हात माझ्या हातात, घामाने थंडगार. "हलतंय का गं?" मी विचारायची. ती मान हलवायची, हो का नाही ते मला समजायचं नाही. मला वाटायचं, रिक्षा जोरात पळव. लगेच वाटायचं, नको, सावकाश घे. पुढे गतिरोधक आला की माझे दात आवळले जायचे. त्यांच्यावर पांढरे पट्टे होते, अलीकडे पाटीही होती. रिक्षावाला प्रत्येक ठिकाणी आधी सांगायचा, "ताई, धरून बसा, आता एक येतोय," आणि रिक्षा अशी उतरवायचा की भरल्या भांड्यातलं पाणी हिंदकळणार नाही. माहीम गेलं. कुणी एक एसटीवाला आम्हाला पाहून बस कडेला घेऊन थांबला. मी देवाला काहीबाही बोलत होते. माझे पाय मोड, डोळे घे, पण त्या पोटातल्या जिवाला काही होऊ देऊ नकोस. आरशात रिक्षावाल्याचा गाल ओला दिसत होता. रडत होता की घाम होता, सांगता येत नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मुलीला आत घेतलं. पोटाला पट्टा लावून बाळाचे ठोके ऐकायचे होते. मी बाहेर. रिक्षावाला जिन्यापाशी उभा, जायचं नाव घेईना. मला म्हणाला, "काकी, माझंच लक्ष आरशात होतं. माझी चूक झाली. माझ्या गाडीत बसलेल्या माणसाची जबाबदारी माझी." तेव्हा तरी सांगायचं! तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हटलं, "बस बाबा, पाणी पी." आणि तोंड फिरवलं.

अर्धा तास झाला असेल, मला अर्धा जन्म वाटला. मग बाईंनी आत बोलावलं. ठोके व्यवस्थित आहेत, रक्तस्राव नाही, तरी उद्यापर्यंत नजरेखाली ठेवू, म्हणाल्या. मी तिथल्या तिथे स्टुलावर बसले आणि रडून घेतलं. मग पदराने तोंड पुसलं आणि शेजारणीला फोन लावला. "दोर काढ," म्हटलं. "आत्ता. खुंट्यांसकट. एकही ठेवू नकोस."

फोन ठेवला तर मुलगी माझ्याकडेच बघत होती.

"तो दोर आपला होता?"

"माझा," मी म्हटलं. "आजीसाठी घातला. आजी मरता मरता वाचली होती गं."

"मग त्याला रंग का नव्हता?"

ती माझीच मुलगी, उत्तर तिने माझ्या तोंडावरच वाचलं. मग म्हणाली, "आई, आज रिक्षात मी नसते, दुसरीच कुणाची मुलगी असती, तर काढला असतास?"

तिच्याशी मी खोटं बोलू शकले असते. पोटुशी पोर, घाबरलेली, तिला दोन गोड शब्द दिले असते तर कुणी नावं ठेवली नसती.

"नाही," मी म्हटलं.

तिने हात माझ्या हातातून काढून घेतला आणि पोटावर ठेवला. "त्या माणसाला सांगितलंस?"

"अजून नाही."

"मग आधी त्याला सांग. नंतर ये."

मी बाहेर आले. मला पाहताच तो बाकावरून ताडकन उठला. चेहरा पांढराफटक. "काकी, बाळ?"

"बाळ बरं आहे," मी म्हटलं.

त्याचा श्वास सुटला तो मला ऐकू आला. त्याने दोन्ही हात जोडले, मला की देवाला कोण जाणे, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते पुसलंही नाही. "यापुढे अजून हळू चालवीन, काकी. आईशप्पथ, अजून हळू."

"तू हळूच होतास," मी म्हटलं. "दोर मी टाकला होता. कुणाला दिसू नये म्हणून रंग लावू दिला नाही."

त्याने जोडलेले हात खाली घेतले.