बाळंतिणीची शेगडी आन् खिडकीतला कापूस

बायांनो, आज मी जिंकली!

अमेरिकेत लढाई जुंपून तिथला कापूस विलायतेले जायचा थांबल्यापासून आपल्या कापसाले असा भाव आला, की आमच्या अमरावतीच्या घरात माणसं कमी आन् गाठोडी जास्त. माझी धाकटी जाऊ बाळंतीण आहे. तिच्या खोलीतही एकुलत्या एका खिडकीसमोर गाठोडी रचलेली. बाजेखाली कोळशाची शेगडी, आन् बाळंतिणीले वारं लागू नये म्हणून दार बंद.

आज सकाळी मी आत गेली, तर जाऊ डोकं धरून बसलेली, बाळ मलूल. माझंही डोकं गरगरलं. मी दार उघडून ओरडली, "मामाजी, खिडकी मोकळी करा! पोरीचा जीव गुदमरून राहिला!"

सासरे ओसरीवरूनच म्हणाले, "बाळंतिणीले होतेच तसं. दार लाव."

"बरं," मी म्हटलं. "पण शेगडीच्या ठिणग्या कापसावर उडून राहिल्या."

सासरे धावले, दीर धावला, घटकाभरात सारी गाठोडी बाहेर! मी लगेच खिडकी उघडली. आता शेगडी पेटते, पण खिडकी उघडी ठेवूनच. दुपारी बाळानं असं भोकाड पसरलं, की मलेच रडू आलं.

सुनेच्या जिवासाठी न उघडलेली खिडकी कापसासाठी उघडली. तुमच्या घरची काय म्हटल्यावर उघडते?